दगड थांबला की येतो

रॉकफर्ड, इलिनॉय
१४ एप्रिल २००९

प्रिय आर्लिस,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. डलूथला अजून बर्फ आहे हे वाचून नवल वाटलं नाही. इकडचा गेल्या आठवड्यात वितळला, आता नुसता चिखल आहे. मी बरा आहे. गुडघा होता तसाच. मार्गिटला माझी आठवण सांग. डेल्मर गेल्यावर बहिणीच्या घरी तुला खालची खोली मिळाली हे चांगलं झालं, जिना नको.

फोन करायला हवा होता. पण फोनवर मला सुचत नाही, तुला माहीत आहे. अडतीस वर्षं यंत्रांच्या ड्रॉइंगच्या टेबलावर गेली, तिथे बोलावं लागत नसे.

डेल्मरचा धार लावायचा ग्राइंडर माझ्या गॅरेजमध्ये आला. हार्लन मदतीला आला होता. नव्वद पौंडांचा आहे. ट्रकमधून उतरवताना हार्लन म्हणाला, "हा तुझा भाऊ एकटा उचलायचा. आपण दोघं मिळून त्याच्या निम्मे नाही." मग कॉफी न घेता गेला. डेल्मरने जमवलेले बाकीचे तेवीस हार्लनच्या कोठारात ताडपत्रीखाली आहेत. त्यांचं काय करायचं ते पुढे बघू. घाई नाही.

तू लिहिलंस की घर विकलं तरी हा एक तुला हवा, आणि चालता हवा. तो चालेल. त्याची काळजी करू नकोस.

हा घेतला तेव्हा तू गाडीतच बसली होतीस. शेतावरचा लिलाव होता आणि हा कोंबड्यांच्या खुराड्यात पडला होता. कंपनीची पाटी नाही, वर बोटभर घाण. आमची नेहमीची पैज लागली, ज्याची ओळख चुकेल त्याने पाई द्यायची. मी म्हणालो, सिनसिनाटीचा. डेल्मरने डोळे मिटून बाजूच्या झाकणावर हात फिरवला. "तीन फासळ्या आहेत, लोवेल. सिनसिनाटीवाले चार घालतात. हा मिलवॉकीचा. पाई तुझ्याकडून." घरी आणून धुतला तर झाकणाच्या आत ओतकामातच शहराचं नाव होतं. मग जाऊन मी रुबार्बची पाई विकत आणली, आणि तू म्हणालीस, "दोघं एवढं भंगार घरी आणता, कधी तरी पाई जिंकणारा डेल्मर नसावा." त्यानंतर पंचवीस वर्षांत मी चार वेळा जिंकलो असेन.

काम सुरू केलं आहे. मोटरच्या डोक्यावर रंग उडालेला होता, तिथूनच सोलायला घेतलं. आता सगळं ओतीव बीड उघडं आहे. डेल्मरने लावलेल्या निळ्याच्या खाली मूळचा रंग सापडला, करडा, जरा हिरवट. तोच मिळवून लावतो. कारखान्यातून निघाला तेव्हा दिसला असेल तसा दिसेल.

दोन्ही बेअरिंग खराब होती. नवी मागवली. जुनी कॉफीच्या डब्यात ठेवली आहेत. यंत्र वर्षभर नीट चालल्याशिवाय जुनं काही फेकायचं नाही, हा त्याचाच नियम.

जेवत जा.

लोवेल


रॉकफर्ड
९ मे

प्रिय आर्लिस,

तुझं २८ एप्रिलचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. इकडे चार दिवस पाऊस होता. चर्चमध्ये बायकांनी हॅमचं जेवण ठेवलं होतं, मी गेलो होतो. बटाट्याच्या सॅलडला तुझी चव नव्हती, हे तिथल्या सगळ्यांनी मला येऊन सांगितलं, जसं काही मी तुला कळवणारच आहे. तर कळवलं.

नवी बेअरिंग बसवली. फार छान बसली. परवा पहिल्यांदा चालू केला. इतका शांत आहे की चालू आहे की नाही हे वाकून बघावं लागतं. बटण बंद केल्यावर धारेचा दगड सहा मिनिटं चाळीस सेकंद फिरत राहिला. डेल्मरच्या वहीत त्याची वेळ चार मिनिटं दहा आहे. म्हणजे अडीच मिनिटं वाढली.

ती वही मी वाचतो आहे. चोवीस यंत्रांच्या वेळा आहेत, बाकी काही नाही. आमच्यात पत्रं लिहिणारं कोणी नव्हतं.

तुमच्याकडे रविवारी जेवायला असलो की मी स्वयंपाकघरात बसायचो आणि खालून गुरगुर ऐकू यायची. तू जिन्यातून हाक मारायचीस, "डेल्मर, बटाटे गार झाले." खालून उत्तर यायचं, "दगड थांबला की येतो." तू म्हणायचीस, "मग मी दगडालाच वाढते." "वाढ. तो माझ्यापेक्षा कमी खातो." फिरता दगड एकटा सोडायचा नाही, हे आमच्या वडिलांनी शिकवलं होतं. मी एखादं मिनिट थांबतो आणि जातो. डेल्मर मात्र दगड पूर्ण थांबेपर्यंत उभा राहायचा. डावा हात यंत्रावर ठेवून.

तू लिहिलंस, "बाकी काय हवं ते कर, पण वरती त्याचा हात असायचा तिथला रंग झिजला आहे, तळहाताएवढा. ती जागा तशीच राहू दे. मला तिथे हात ठेवायचा आहे. एवढंच मागते."

वाचलं. लक्षात आहे.

रंग वाळायला या हवेत वेळ लागतो. स्विचही बदलायचा आहे, त्याच जातीचा जुना मिळतो का बघतो आहे. वायर कापडी वेष्टणाची मिळाली. तेव्हा अजून काही आठवडे धर.

मार्गिटच्या मांजराचं ऑपरेशन नीट झालं असेल.

लोवेल


रॉकफर्ड
२३ जून

प्रिय आर्लिस,

तू दोन पत्रांत विचारलंस आणि मी एकदा हवामान लिहिलं, एकदा काहीच लिहिलं नाही. आज लिहितो.

ती जागा गेली. तुझं पत्र यायच्या आधीच गेली होती. एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं की वर रंग उडालेला होता, तिथूनच सोलायला घेतलं. तू ते वाचून समजली नसशील, कारण मी तसं लिहिलंच नव्हतं.

रंग उडालेला नव्हता. ते काय आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी पंचवीस वर्षं यंत्रांवरची झीज बघून सांगत आलो आहे की माणूस डावरा होता की उजवा, उंच होता की बुटका. तिथे चार बोटं होती, अंगठा होता, आणि कडेला तळहाताची गादी. मी माझा हात ठेवून बघितला. बसला. आम्हां दोघांचे हात सारखेच होते, हातमोजे एकमेकांचे चालायचे. मी किती वेळ तसा उभा होतो माहीत नाही. मग रंग काढायच्या औषधाचा डबा उघडला आणि आधी तिथेच ओतलं.

का, ते मला नीट सांगता येत नाही. बीड उघडं पडलं की मला काम करता येतं. तो हात समोर असताना येत नव्हतं. त्या वेळी वाटलं की हे माझं आणि त्याचं आहे, तिसऱ्या कोणाचं त्यात काही नाही. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की तू रोज जिना उतरून ते बघत होतीस.

आता पुढचं. हे लिहायला जास्त कठीण आहे.

तुझं पत्र आल्यावर मी ती जागा परत बनवली. त्याच्या ग्राइंडरचा एक फोटो माझ्याकडे आहे, त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा. तो निळा रंग मिळवला, हिरवट करड्यावर चढवला, वाळू दिला, आणि मग फोटो समोर ठेवून घासायला बसलो. आधी बारीक पॉलिश पेपर, मग लोखंडी लोकर, मग नुसतं कापड. त्यानंतर तीन आठवडे रोज नाश्ता झाला की हाताला थोडं मशीनचं तेल लावायचं, यंत्र चालू करायचं, बंद करायचं आणि दगड थांबेपर्यंत तिथे हात ठेवून उभं राहायचं. मी असं काम आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते चांगलं झालं होतं. हे सांगायला लाज वाटते, पण फार चांगलं झालं होतं.

तुला तो जुन्या बाजारातला माणूस आठवतो का? तू होतीस आमच्याबरोबर, उन्हाची टोपी घेतली होतीस त्या दिवशी. त्याच्याकडे एक क्लीव्हलंडचा होता, वरती रंग झिजवलेला. म्हणत होता, लोहाराच्या घरातला आहे, तीन पिढ्यांनी वापरलाय. डेल्मरने चष्मा वर केला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "तिन्ही पिढ्या एकाच दिशेने घासायच्या का हो?"

तो चिडला. "घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढे व्हा. मागे लोक खोळंबलेत."

डेल्मरने मागे वळून बघितलं. "मागे माझा भाऊच आहे. त्यालाही नकोय."

तू हसलीस. गाडीत मात्र तो हसत नव्हता. म्हणाला, "गंज आला तर आला, तुटलं तर तुटलं. पण ज्या माणसाने काम केलंच नाही त्याचा हात काढून दाखवायचा, हे काय?" पुढे कितीतरी दिवस जेवताना तेच बोलत होता. खरी झीज कडेला विरत जाते, खोटीला काठ असतो, वगैरे. तू म्हणालीस, "आता मलाही ओळखता येईल, बस कर."

माझ्या कामाला काठ नव्हता. मी त्याचा भाऊ आहे, मला काय टाळायचं ते माहीत होतं.

गेल्या मंगळवारी हार्लन आला, यंत्र बांधून गाडीत चढवायला मदत म्हणून. लाकडी खोकाही तयार होता, वर तुझा पत्ता. हार्लन तसा कसा आहे तुला माहीत आहे, चर्चमध्येसुद्धा टोपी काढायची आठवण करावी लागते. त्याने ती जागा बघितली आणि टोपी काढली.

"हात राहू दिलास त्याचा," तो म्हणाला. "बरं केलंस. मला वाटलं होतं तू सगळं चकाचक करून टाकशील."

त्याने हळूच दोन बोटं तिथे टेकवली. "हेच बघ," म्हणाला, "बाकी सगळं जातं." आणि नाक शिंकरत बाहेर गेला. परत आला तेव्हा मी म्हणालो, आज राहू दे, स्विच नीट लागत नाही.

"मघाशी तर लागत होता."

"आता लागत नाही."

तो बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही टेस्डाल भाऊ म्हणजे," आणि गेला.

हार्लनला या यंत्रांचा तीस वर्षांचा अनुभव आहे आणि तो फसला. तूही फसली असतीस. रोज सकाळी खाली उतरून माझ्या हातावर हात ठेवला असतास. मला आधी भीती होती की तुला कळेल. त्या दिवसापासून भीती वाटायला लागली की कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं काढलं. आता पूर्ण यंत्र एका रंगाचं आहे, मूळच्या करड्या. वरती काही नाही. मी जे घालवलं ते परत आणता येत नाही, आणि त्याच्या जागी दुसरं ठेवायचा मला अधिकार नव्हता. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते मागायचं असेल तर पत्रातून नाही.

आणखी एक गोष्ट केली आहे, ती तुला विचारून करायला हवी होती, पण एवढी एक न विचारता केली.

कॉफीचा डबा होताच. नवी बेअरिंग पुलरने ओढून बाहेर काढली आणि जुनी परत बसवली. रॉकेलने धुतली, ताजं ग्रीस भरलं, दुसरं काही केलं नाही. धोका नाही, मी तीन दिवस चालवून बघितलं. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा मूर्खपणा आहे, आणि डेल्मर असता तर मला तसं म्हणाला असता. पण बेअरिंगमधले खड्डे त्याच्या काळातले आहेत. ते कोणी बनवलेले नाहीत.

काल दुपारी गॅरेजचा दरवाजा उघडा ठेवून यंत्र चालू केलं आणि घरात जाऊन स्वयंपाकघरात बसलो. तीच गुरगुर. मग बाहेर येऊन बटण बंद केलं आणि घड्याळ बघितलं. चार मिनिटं आठ सेकंद. वहीतल्यापेक्षा दोन कमी, ते ग्रीस नवीन आहे म्हणून असेल. मी पूर्ण थांबेपर्यंत उभा होतो. हात खिशात ठेवले होते.

यंत्र मालवाहू गाडीने पाठवत नाही. मी स्वतः घेऊन येतो. चार जुलैच्या सुट्टीची गर्दी ओसरली की सहा तारखेला पहाटे निघेन, संध्याकाळपर्यंत पोचेन. तुझ्याकडे मी मार्चनंतर आलो नाही, आणि त्याला गुडघा हे कारण नव्हतं. तुला हे यंत्र आता नको असेल तर नको म्हण. ट्रक रस्त्यावरच उभा करीन, तू हो म्हटल्याशिवाय दोर सोडणार नाही. मार्गिटच्या तळघरात वीज कुठल्या भिंतीला आहे ते मात्र बघून ठेव, लांब वायर आणतो.

लावून झालं की तू वर स्वयंपाकघरात जाऊन बस. मी खाली चालू करीन. आवाज त्याचाच आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. तू हाक मारू नकोस, मी मध्येच वर येणार नाही.

दगड थांबला की येतो.

डेल्मरचा भाऊ
लोवेल