मीठमोहरी आणि जगदेवरावांची बॅटरी

धार, आश्विन शुद्ध चतुर्थी

तीर्थरूप मामासाहेबांच्या पायांवर भाचा बापूचे डोके. अजून धडावर आहे तोवर ठेवून घेतो. हाटपिपल्याच्या वैद्यांचे तेल आपल्या गुडघ्यास मानवले का? मामींचा खोकला गेला का? मी सुखरूप आहे. (सुखरूप म्हणजे जिवंत. दारावर थाप पडली की कोठीत शिरतो.)

तुमच्या शब्दावर सरदार जगदेवरावांनी आपल्या मोटारीची बॅटरी भरायला देवासहून माझ्याकडे पाठवली. दसऱ्याच्या स्वारीत मोटार अडली तर शब्द टाकणारा आणि बॅटरी भरणारा, दोघांचीही चाकरी गेली, असा निरोपही सोबत आला. माझी झोपच उडाली. कारण मी काम करतो त्या इथल्या वीजघरातली वीज सारखी मागेपुढे धावणारी, आणि बॅटरीला हवी एकाच दिशेने जाणारी. अखेर एका विलायती मासिकात वाचून मी मावशीच्या लोणच्याच्या चार बरण्या मागितल्या, रगडून धुतल्या (मिठाचा कणही चालत नाही), पापडखाराचे पाणी भरले आणि प्रत्येकीत एक पट्टी शिशाची, एक ॲल्युमिनियमची सोडली. ॲल्युमिनियमवर पातळ साय धरते. ती वीज एकीकडून जाऊ देते, परत फिरू देत नाही. आणि खरेच, बॅटरी भरू लागली! मी मात्र भीतीने हाताला सोवळ्याचा रेशमी मुकटा गुंडाळून लांब उभा होतो.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, इंजिन लागण्याआधी, तुमची अक्का, म्हणजे आमची नर्मदामावशी, वीजघरात डबा घेऊन आली. माझा चेहरा न्याहाळून तिने डबा ठेवला. मी हात धुवायला गेलो, परतलो, जेवलो, ती गेली. इंजिन लागले आणि बरण्या रटरटू लागल्या. "भिया, भागो! बैटरी उबली री हे!" असे ओरडत इंजिनवाला उमाशंकर पळाला. त्याच्या पुढे मी होतो. बॅटरीचे पोट फुगून फाटले. सगळे निवल्यावर पाहतो तो चारही बरण्यांत मोहऱ्या तरंगत होत्या. मावशीने दृष्ट काढली होती! मीठमोहरी टाकायला चूल दिसली नाही, म्हणून बरण्यांत टाकली. मिठाने साय खाल्ली आणि वीज पुन्हा दोन्हीकडे धावली. मावशीला जाब विचारण्याची माझी छाती नाही. तुमची तरी आहे का?

हे पत्र कोठीत बसूनच लिहिले आहे.

आपला, बापू

ता. क. दसऱ्यासाठी एक गरीब, न बुजणारी बैलजोडी पाहून ठेवावी. सणाच्या दिवशी मोटार बैलांनी ओढणे शुभ असते, हे जगदेवरावांना तुम्हीच पटवावे.

आणखी ता. क. धीर करून मावशीला विचारलेच. म्हणाली, "अरे, बरण्यांची दृष्ट कशाला काढू? तू पाठमोरा जेवत होतास, तेव्हा तुझी काढली. भीतीने निम्मा झालास. बॅटरी गेली, तू राहिलास ना?" मला रडूच आले. बैलजोडी राहू द्या. हे सगळे जगदेवरावांना समक्ष सांगायला ती उद्या देवासला निघते आहे. मीठमोहरी बरोबर घेतली आहे. आता भ्यायची पाळी त्यांची.