मोबाइलवाली बाई आणि अनवाणी पाय

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. चप्पल माळ्यावर टाकली, दसऱ्यापर्यंत अनवाणी. तशी नवरात्रात अर्धी अमरावती अनवाणीच असते, पण यंदा माझा नवस आहे. अकोल्याच्या नामदेवचा, धाकट्या भावाचा, डावा पाय शुगरनं गेला. उजवा तरी राहू दे, अंबामाय.
मलाही तोच रोग. सुनेनं दवाखान्याच्या शुगरच्या वर्गात नाव टाकलं. वर्ग मोबाइलमध्ये. चहाच्या आधीच बाई पडद्यावर हजर. "आजोबा, अनवाणी चालू नका." माझी नात लागते काय ही?

२४ सप्टें.
बाई प्रश्न विचारते, खाली हो आणि नाही. चप्पल घालता का? 'हो' दाबलं. टाळ्या वाजल्या! यंत्राशी खोटं बोललेलं देवी धरत नसेल. तरी दिवसभर चैन नाही.

२७ सप्टें.
झेंडू तोडून घरी आलो तर सून ओरडली. फरशीवर रक्ताचे ठसे, दारापासून देवघरापर्यंत. कोणाचे म्हणून मीही पाहत होतो. माझेच. डाव्या टाचेत काच. दुखलंच नाही. देवीनं दुखू दिलं नाही, म्हटलं.
"बाबा, दवाखान्यात चाला."
"दसरा झाल्यावर."
"तवरिक पाय राह्यला पाह्यजे ना!"
हिची जीभ त्या बाईपेक्षा वाईट.

२८ सप्टें.
आज बाई म्हणते, जी जखम दुखत नाही तीच धोक्याची. हिला कोणी सांगितलं? सुनेनंच चुगली केली असणार. सून म्हणते, हा व्हिडिओ सगळ्यांनाच जातो. माझा विश्वास नाही.
नामदेवचंही सुरुवातीला दुखत नव्हतं. त्याचंही असंच... नको.

२९ सप्टें.
नामदेवचा फोन. इथंही चुगली.
"दादा, कावून अनवाणी फिरून राह्यला?"
"तुह्याच पायासाठी."
भडकला. "मले नाही पाह्यजे तुह्या नवसाचा पाय! दोघं भाऊ एकेका पायावर, लंगडी खेळतं का?"
फोन आपटला. लहान असून.

३० सप्टें., अष्टमी
भाचा अकोल्याहून आला. नामदेवनं पिशवी दिली होती. आत चप्पल, एकच, डाव्या पायाची. कोरी. पाय जायच्या आधी घेतलेली. निरोप असा की माह्या काय कामाची?
टाचेची लाली घोट्यापर्यंत चढली आहे. 'परवा जाऊ' म्हटलं तर सून ऑटो आणायला गेली. चप्पल माझ्यासमोर, उंबऱ्यात ठेवून.
नवस मोडला आणि नामदेवच्या उजव्या पायाला काही झालं तर? हे कोणत्या व्हिडिओत सांगतात?
बाई पुन्हा विचारते आहे, चप्पल घातली का? आज काहीच दाबलं नाही. हात जोडून तशीच थांबली आहे, मेली.
ऑटोचा आवाज आला.
नामदेवचं आणि माझं माप लहानपणापासून एकच.