बाबांसोबत मुक्यानं चालणं

बेला, ७ जुलै १९९१

ती. पंचफुलाताईस,
धाकट्या महिपतचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सर्व ठीक, म्हणजे बाबा सोडून.

बाबा परवा पुन्हा पडले. महिन्यात दुसऱ्यांदा. तेही चावडीसमोर, सपाट रस्त्यावर; ना खड्डा, ना चिखल. ढोपर खरचटलं तेवढंच. काऊन पडले म्हणून विचारलं तर म्हणे शेजारच्या उद्धवरावची म्हैस आडवी आली. उद्धवरावकाका शपथेवर सांगतात की म्हैस तेव्हा नाल्यात डुंबत होती. तीस वर्षं महसूल खात्याच्या गिरदावरामागं जमीन मोजायची साखळी घेऊन जैनथपासून पैनगंगेपर्यंत पायी हिंडलेला माणूस, आणि दोष म्हशीला!

विसरणंही वाढलं. कप खाली ठेवल्याबरोबर कुसुमला विचारतात, सूनबाई, आज चहा नाही का केला. ती बिचारी पुन्हा करते, आणि साखर संपल्याची तक्रार माझ्याकडे येते. मला तर कधी महिपत म्हणतात, कधी माझ्या शाळेतल्या पोरांसारखं सार, म्हणजे सर, म्हणतात.

शेवटी मी उपाय केला. त्यांच्या चपला माळ्यावर टाकल्या आणि फाटकाला बाहेरून कडी घातली. आता ते ओसरीवर खाटेवर बसून असतात. चालणारच नाहीत तर पडतील कुठून? तू दवाखान्यात नर्स आहेस, तूच शाबासकी दे.

भाऊजींना जयभीम, पोरींना पापे. इकडचा पाऊस लहरी झाला आहे. तुझी माया तशी होऊ देऊ नकोस.
तुझा महिपत


नागपूर, १६ जुलै १९९१

चि. महिपतला,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. पत्र पोचलं. शाबासकी नाही, पाठीत धपाटा घे.

अरे मास्तर, माझ्या वॉर्डात असे म्हातारे रोज येतात. घरच्यांनी मायेनंच बसवलेले असतात. दोन महिन्यांत मांड्या वाळतात आणि मग ते खाटेवरून उठतानाच पडतात. दिवसभर भिंत पाहून डोकंही सुस्तावतं ते वेगळंच.

चपला खाली काढ. पण त्या झिजलेल्या नकोत. मागं पट्टा असलेल्या नव्या घे. मग बाबांसोबत बोअरिंगच्या हापशापर्यंत चाल आणि मधेच काहीतरी सोपं विचार. आज वार कोणता, एवढंच. बोलता बोलता ते चालत राहतात की थांबतात, ते पाहा. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात की चालायला नुसते पाय पुरत नाहीत, लक्षही लागतं. तुझ्यामाझ्या वयात ते आपोआप होतं. विसर पडायला लागला की चालणं आणि बोलणं दोन्ही एका वेळी झेपत नाही, आणि माणूस सपाट रस्त्यावर पडतो. तर मला हे कळव, की चावडीसमोर पडले तेव्हा त्यांच्याशी कोण बोलत होतं?

आणि आणखी एक. त्यांना आदिलाबादला नेऊन डोळे आणि ब्लडप्रेशर तपासून आण. कडी घालायला तुला फक्त पडण्याचीच भीती होती का, तेही लिही. लहानपणापासून तू खरी गोष्ट पत्राबाहेर ठेवतोस.

कुसुमला म्हणावं, तिच्या दुसऱ्या चहाची मला कदर आहे. आणि तू माझा धपाटा माया समजून घे.
तुझी ताई


बेला, ११ ऑगस्ट १९९१

ती. ताईस,
स. जयभीम. तुझं पत्र आलं त्याच सकाळी बाबा खाटेवरून उठताना पडले. कडी लावलेल्या घरात! कपाळाला तीन टाके पडले. कुसुमनं माळ्यावरून चपला काढल्या, धुतल्या आणि माझ्यासमोर आणून ठेवल्या. नव्या आणेपर्यंत मी शाळेत मान वर केली नाही.

आता विचारलंस ते सांगतो. चावडीसमोर त्यांच्याशी मीच बोलत होतो. शाळेतून येताना रस्त्याच्या पलीकडून ओरडून विचारलं, की बाबा, कुठं चालले. ते उत्तर द्यायला वळले आणि पडले. पानठेल्यावरचे दोघंतिघं हसले. एक जण म्हणाला की मास्तरचा बाप भरदिवसा लावून राह्यला. ताई, ज्या माणसानं जन्मात दारूला बोट लावलं नाही, त्याच्याबद्दल हे ऐकून मी गप्प राहिलो. त्यांना उठवलं आणि मान खाली घालून घरी आणलं. कडी मी त्या लाजेनं घातली होती.

तू सांगितलेली परीक्षा घेतली. बोअरिंगपर्यंत चार वेळा काही ना काही विचारलं, चारही वेळा बाबा जागीच थांबले. वार सांगितला (चुकीचा), मग पुढचं पाऊल टाकलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी एका डोळ्यात मोतीबिंदू सांगितला आणि ब्लडप्रेशरची गोळी बदलली. विसरणं मात्र माघारी जाणार नाही म्हणाले. बाबांनी ते ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं की डॉक्टर कोणाबद्दल बोलत होते.

आता रोज सकाळी मी आणि उद्धवरावकाका त्यांना जैनथच्या रस्त्यावर नेतो. नियम एकच, चालताना कोणी बोलायचं नाही. बोलायचं असेल तर आधी थांबायचं. काकांना हे फार जड जातं. कापसाच्या भावाचा विषय पोटात दाबून चालतात आणि पुलावर पोचले की एकदम सुटतात. काल पानठेल्यापाशी मी मुद्दाम थांबलो. बाबांना काय झालं आहे ते त्या मंडळींना सरळ सांगितलं. जो तसं बोलला होता तोच आता बाबा दिसले की बाकावर जागा करून देतो.

दिवाळीला ये. तुझ्या धपाट्याची वाट पाहणारा,
महिपत


नागपूर, १४ नोव्हेंबर १९९१

चि. महिपत व सौ. कुसुम,
दोघांना जयभीम. सुखरूप पोचले. कुसुमच्या लोणच्याची बरणी पांढरकवड्यापर्यंतच शाबूत राहिली, पुढं लोणचं पिशवीभर झालं. तुमच्या भाऊजींनी पिशवीच चाटायची बाकी ठेवली आहे.

निघायच्या सकाळी मी एकटी बाबांसोबत फिरायला गेले, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. चार दिवस त्यांनी मला ओळखलं नाही, हे तुम्ही पाहिलंच. मी नर्स आहे, मला हे ठाऊक होतं. तरी घरच्या माणसाच्या बाबतीत ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नाही.

मी त्यांच्या पावलांकडे बघत चालले होते. पाय उचलतात का, डावा ओढतात का. त्या नादात मलाच ठेच लागली आणि मी कोलमडले. बाबांनी चटकन माझं कोपर धरलं. मग थांबले, श्वास घेतला आणि विचारलं की बाई, तू कोणाची. मी त्यांचंच नाव घेऊन म्हटलं, डोमाजीची पोरगी. ते माझ्याकडे बघून हसले आणि मान हलवली. म्हणाले, नाही, डोमाजीची पोरगी नागपूरला असते. लई घाईनं चालते, खाली पाहातच नाही. तिला कोणीतरी सांगाले पाहिजे.

मी म्हटलं, सांगते. मग आम्ही दोघं पुलापर्यंत गेलो. माझं कोपर त्यांनी सोडलं नाही.

डिसेंबरात रजा मिळाली की येते. तोवर बाबांना आणि एकमेकांना जपा.
तुमची ताई