करवतीचा एक दात

आई,

फ्लेक्स छापून झाला. गांधीबागेतल्या छपाईवाल्यानं आत्ताच फोनवर सांगितलं, "भाऊ, झाला. सुकून राहिला. सकाळी सक्करदऱ्याच्या हॉलवर पाठवतो." उद्या तुझ्या नातीच्या लग्नात तिच्यामागे स्टेजभर तुझ्या करवतकाठी टसर पातळाचा काठ असेल. कल्पना तिची, काम माझं. वर्तमानपत्राची पानं वेळेवर छपाईला सोडण्यात माझं आयुष्य गेलं. घरचं कामही मी त्याच हातानं उरकतो.

काठाचा वीतभर तुकडा स्कॅन केला. संगणकावर तोच तुकडा शेजारी शेजारी लावत गेलं की सगळी पार्श्वभूमी भरते. जोड तेवढा दिसता कामा नये. जोड दिसला नाही. दिसला तो काठावरच्या करवतीचा एक दात. बाकीच्यांहून जाड, जरा वाकडा, लालही वेगळा, आणि तुकडा जिथं जिथं परत येई तिथं तोही येई. तो विणकराचा नव्हता. अजून दिसतं: काठ विरलाय, स्वयंपाकघराच्या दारात, उजेडाला बसून तू तो सुईनं भरते आहेस. मी काठ ताणून धरायला जातो, तर म्हणतेस, "सोड गा, तुह्या हातानं अजून फाटन." पुढे ते पातळ नेसताना ती जागा निऱ्यांच्या आत जाईल, एवढं तू नेमानं बघायचीस.

मी शेजारचा एक नीट दात उचलला आणि तू भरलेल्या दातावर बसवला. चहा निवायच्या आत झालं.

लेकीनं पाहिलं आणि विचारलं, "बाबा, आजीनं भरलेला तो कुठं गेला?" तिला ती जागा ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "आजी तो लपवायची. तिला आवडलं नसतं." ती "बरं" म्हणाली.

खरं म्हणजे दात बदलताना तू माझ्या मनातही नव्हतीस. नक्षी बिघडत होती, एवढंच. त्या अख्ख्या पातळात तुझ्या हातचं तेवढंच होतं, हे तिनं विचारल्यावर लक्षात आलं. त्यानंतरही फाइल बदलून पाठवायला सगळी दुपार होती. मी पाठवली नाही. बदलली असती तर तिला खरं कारण सांगावं लागलं असतं.

उद्या ती त्या काठापुढे उभी राहील आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेल, हे माझ्या आजीचं. लोक माझ्याकडे बघतील. मी हो म्हणेन.