प्लास्टरचे दात

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. आम्ही बरे आहोत, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

सूनबाई गेल्यापासून रखडलेलं नातीच्या दातांचं काम अखेर मार्गी लावलं. डॉक्टर म्हणाले, "वाढत्या वयात तारा लावल्या की दात लवकर सरकतात. मोठेपणी वेळ लागतो, कधी जबड्याचं ऑपरेशनही."

पोरगी तोंड उघडेना. "माझे दात आईसारखेच पुढे आहेत. तसेच राहू देत!"

"आणि जन्मभर चावायला त्रास झाला म्हणजे?" मी दटावलं. शेवटी लावल्या.

त्याआधी डॉक्टरांनी माप घेऊन तिच्या दातांसारखे हुबेहूब प्लास्टरचे दात बनवले होते. चिरंजीवांनी ते मागून घरी आणले. टेबलावर ठेवलेत. मला त्यांवरची धूळही पुसू देत नाहीत.

भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी