पडीक पट्ट्याची मोजणी

४ मार्च, सकाळी
माझं अनुदान अडवलं, सगळ्याच शेताचं. कारण एका ओळीत: क्षेत्र जुळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढं वाचता येतं मला. क्षेत्र काय पळून जातंय? बांधालगतचा पट्टा होता तिथेच आहे. सरकार म्हणालं, तो नांगरू नका, गवत वाढू द्या, पाखरं येऊ द्या, पैसे देतो. वर्षभर हात बांधून बसले. जन्मात एवढे कष्ट उपसले नव्हते.
हे काम धाकट्या जावेचं. बांधापलीकडे तिचं शेत. चुगली तिनंच केली. आजपासून तिच्याशी बोलणं बंद. नऊ वर्षं बंदच आहे, आजपासून जास्त बंद.

५ मार्च
मुलानं आठवण करून दिली. यंदा अनुदान आलं नाही तर शेतीचा कारभार सुनेकडे द्यायचा, असं ठरलं होतं म्हणे. मी रागात हो म्हटलं होतं. रागातलं धरायचं नसतं. तरी सांगून टाकलं, महिन्याच्या आत पैसे आणून दाखवते. सून ताट पुसत होती. हसली नाही, पण ताट जरा जास्तच घासलं.

९ मार्च
कार्यालय. खिडकीतला कारकून सारखा आजी, आजी. त्याला सुनावलं, तुझी आजी तुझ्या घरी, मी अर्जदार. तक्रार कुणी केली ते सांगेना. म्हणजे जावेनंच. आवाज चढवला. अर्धी रांग माझ्या बाजूनं होती. उरलेली अर्धी घरी गेली, कारण कारकुनानं खिडकी लावून घेतली.

१२ मार्च
उलट तक्रार ठोकली. जावेच्या कोंबड्या माझ्या पट्ट्यात शिरतात, सरकारी पाखरांचे किडे खातात. सरकारी मोजणी करा आणि बांध कुणाचा कुठवर ते एकदाचं ठरवा. फीसुद्धा भरली.
सून पांढरी फटक पडली. म्हणाली, "आई, काहीही मागा, मोजणी मागू नका." मुलगा ताटावरून उठला. भित्री जात. जाता जाता पुटपुटला, बांध कोरलाय आपण.
कोरला नाही. वाकडा होता. दर नांगरटीला थोडा थोडा सरळ करत आले. तीस वर्षं.

१८ मार्च, दुपार
मोजणीवाला आला. काठीच्या टोकाला डबी, तेच यंत्र. दोनदा चहा पाजला. तर खुंट्या मारत मारत पट्टा ओलांडून माझ्या कांद्यात शिरला. वाट चुकलास म्हटलं. म्हणतो, यंत्र चुकत नाही. बॅटरी उतरली असणार. दुसरं यंत्र मागवायचा निश्चय. पुन्हा फी.

२३ मार्च
दुसऱ्या यंत्राच्या खुंट्या आणखी दोन हात आत. तिसरं मागवणार नाही. सरकारचा उगाच खर्च.

२९ मार्च
पत्र आलं. पट्टा जावेचा. मी वर्षभर गवत राखलं ते तिच्या जमिनीवर, म्हणून अनुदान तिला. पट्टा उत्तम राखला, हा शेराही तिच्याच नावानं.
मुलगा कार्यालयात जाऊन आला. जावेनं तक्रार केलीच नव्हती. दीड महिना ती लेकीकडे आहे, गुडघ्याचं ऑपरेशन. मला कसं कळणार? बांधापलीकडे मी बघतच नाही. कोंबड्या तेवढ्या दिसायच्या. क्षेत्राचा फरक वरून काढलेल्या फोटोत सापडला होता. आकडा सुधारून एक सही केली असती तर बाकीच्या शेताचे पैसे सुटणार होते. आता तेही अडकले. फाइलीत तक्रार एकच आहे. माझी.

३१ मार्च, सकाळी
शेतीची कागदपत्रं सुनेच्या हातात दिली. तात्पुरती. तिलाही शिकायला हवं.
दारात जाऊ आली आहे, काठी टेकत. सून बसा म्हणाली तरी बसत नाही. एवढंच विचारायचंय म्हणते, माझी जमीन इतकी वर्षं मला न विचारता का कसलीत? ओरडून विचारलं असतं तर मी बघून घेतलं असतं. हळू विचारते आहे.
कारभार सुनेचा, तेव्हा उत्तरही सुनेनंच द्यायचं. आणि मी गोठ्यात आहे, हेसुद्धा तिनंच सांगायचं.