स्कीची पकड सैल करून आणते

हायनर,

स्की शोधत बसू नकोस, मी ती बसने खाली फ्लोरिनच्या स्कीच्या दुकानात नेते आहे. काल पाव घेताना तो भेटला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बुर्गीकाकू, काका पंचेचाळीसचे झाले म्हणे! खायला काय घालता त्यांना?" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

अरे, तो वय विचारतो ते सोयरीक जुळवायला नव्हे. त्यावरून तो स्कीवर बूट धरणारी पकड किती आवळायची ते ठरवतो. तरण्याच्या मापाने आवळलेली पकड तू पडलास तरी सुटणार नाही, मग पायच मोडेल. एर्विनने असंच वय चोरलं होतं. तो अजून काठी टेकत चालतो आणि विमावाले त्याला अजून झुलवताहेत. शिवाय हिवाळ्याआधी सगळं गाव शाळेत स्कीच्या तयारीच्या व्यायामाला जात होतं, तेव्हा तू शेगडीकडे पाठ करून शेकत बसला होतास.

लाकडी स्कीवरून तू चर्चमागच्या उतारावरून उडत आला होतास, ते मला आजही दिसतं. खाली उभ्या असलेल्या पोरीला तू आवडलास तो कायमचा. तिच्यापुढे आता वय कशाला चोरायचं?

मी फ्लोरिनला बाहत्तर सांगणार आहे. सूप गरम करून घे. दुपारी आपण दोघं जाऊ, आणि मी पुढे राहीन. उतारावर मागच्याने पुढच्याला सांभाळायचं असतं. मी समोर दिसले की तू हळू येशील.

बुर्गी